ओंजळ, शेर आणि वाटी

घरातला एखादा पदार्थ कसा करावयाचा हे लेकीने आईला विचारावे आणि आईने "अंदाजाने घालायचे" एवढेच उत्तर द्यावे, हा अनुभव मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या येत आला आहे. मीठ किती घालावयाचे? चवीपुरते. पाणी किती? बेताने. डाळ किती वेळ शिजवावयाची? शिजेपर्यंत. ही उत्तरे ऐकून शिकणारीला वाटते, की आई सांगण्याची टाळाटाळ करीत आहे, किंवा तिच्यापाशी सांगण्याजोगे निश्चित असे काही नाही. या दोन्ही समजुतींत तथ्य नाही. त्याच आईच्या हातची आमटी वर्षाचे तीनशे दिवस एकाच चवीची होत असते. जी गोष्ट इतक्या वेळा तशीच घडते, तिच्यामागे काहीतरी नियम असला पाहिजे, आणि नियम आहे तेथे माप असलेच पाहिजे. ते माप कोणते होते, ते कागदावर का आले नाही आणि ज्या काळात ते कागदावर आले त्या काळात काय घडत होते, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट ही की, आईचे माप तिच्या शरीराशी जोडलेले होते. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, बोटाचे पेर ही तिची मापे. तांदुळावर पाणी किती ठेवावयाचे, तर बोट टेकवून एक पेर बुडेल इतके. सुपात धान्य किती घ्यावयाचे, तर माणशी एक मूठ आणि वर एक मूठ देवाची किंवा अतिथीची. या मापांना अडाणी म्हणावयाचे, तर आपल्या वैद्यकशास्त्रालाही अडाणी म्हणावे लागेल. शार्ङ्गधरसंहिता हा मध्ययुगीन वैद्यकग्रंथ औषधांची माने सांगताना पल या वजनाला मुष्टि आणि बिल्व अशी पर्यायी नावे देतो. दोन पलांची एक प्रसृति आणि दोन प्रसृतींची एक अंजलि होते, असे तो कोष्टक मांडतो. मराठी पसा हा त्या प्रसृतीचा आणि ओंजळ ही त्या अंजलीची वारस आहे. दोन पसे मिळून एक ओंजळ, हा स्वयंपाकघरातला हिशेब शास्त्रातल्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. कोल म्हणजे बोर आणि अक्ष म्हणजे बेहडा ही फळांची नावेही त्या कोष्टकात वजनांसाठी योजलेली आहेत. आजी जेव्हा "सुपारीएवढी चिंच घे, लिंबाएवढा गूळ घाल" असे सांगत असे, तेव्हा ती नकळत त्याच जुन्या परंपरेने बोलत होती. तिचा श्रोता तिच्याच परसात वाढलेला असे. सुपारी केवढी, आवळा केवढा, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे.

दुसरी गोष्ट अशी की, आईला बाजारातली मापे ठाऊक नव्हती असे मुळीच नव्हे. तिच्या माजघरात पायली होती, शेर होता, चिपटे आणि कोळवेही होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची एक पायली, हे कोष्टक शाळेत न गेलेल्या बाईलाही पाठ असे. ही सगळी मापे अर्ध्याअर्ध्याने वाढणारी आहेत. लिहितावाचता न येणाऱ्यालाही निम्मे आणि दुप्पट करता येते, म्हणून ती व्यवहारात टिकली. पायल्यांचा मण मात्र ठिकठिकाणी निराळा होता, आणि वजनातही कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. बारीक वजनासाठी गुंज, मासा आणि तोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि पक्क्या शेराचे ऐंशी तोळे. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया नेमका एक तोळा वजनाचा होता. म्हणून घरोघर "रुपयाभार" हे वजन रूढ झाले. पारड्यात नाणे टाकले की लवंग, दालचिनी किंवा हिंग तोलता येई.

मग हीच बाई आमटीत मीठ घालताना शेर-तोळ्याचा विचार का करीत नसे? याचे उत्तर तिच्या वर्षभराच्या कामांत सापडते. चैत्र-वैशाखात घातलेले आंब्याचे लोणचे वर्षभर टिकावयाचे असते. त्यात मीठ कमी पडले तर ते नासते, आणि नासल्याचे कळते तेव्हा उपाय संपलेला असतो. पापडांत पापडखार जास्त झाला तर ते तांबूस आणि कडवट होतात, आणि शेकडो पापड लाटून झाल्यावर ती चूक दुरुस्त होत नाही. वर्षाचा मसाला, कुरडयांचा गहू, सांडग्यांचे पीठ यांचेही तसेच. या सगळ्या कामांत आई माप घेऊनच बसत असे. धने किती, त्याच्या मानाने खोबरे किती, तीळ किती, दगडफूल किती, याचे प्रमाण तिला तोंडपाठ असे, आणि त्यात ती कोणाचा अंदाज चालू देत नसे. उलट रोजच्या आमटी-भाजीत काही कमीजास्त झाले तर पाणी वाढवून, गूळ घालून किंवा चिंचेचा कोळ पिळून ते सावरता येते. चूक जेथे सुधारता येत नाही तेथे मोजावयाचे आणि जेथे सुधारता येते तेथे हातावर विसंबावयाचे, असा हा विवेक होता.

येथे एक अडचण उभी राहते. चूक सुधारावयाची तर ती आधी कळली पाहिजे, आणि ती कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे चाखून पाहणे. परंतु अनेक मराठी घरांत, विशेषतः सोवळ्याचा स्वयंपाक असलेल्या घरांत, नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न चाखणे निषिद्ध होते. सणावाराच्या दिवशी पंचवीस-तीस पानांचा स्वयंपाक करणारी बाई मिठाचा एक कणही जिभेला न लावता तो उतरवीत असे. तिच्या स्वयंपाकाची परीक्षा पहिला घास घेतला जाई त्या क्षणी होई, आणि तोवर तिच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसे. या निर्बंधाने एक वेगळेच शिक्षण घडविले. जिभेचे काम डोळ्यांनी, नाकाने, कानांनी आणि बोटांनी करावयाचे, ही विद्या त्यातून वाढीस लागली.

या विद्येच्या कसोट्या मराठी भाषेत आजही जिवंत आहेत. साखरेचा पाक बोटांच्या चिमटीत धरून पाहावयाचा. एक तार निघाली तर एकतारी, दोन निघाल्या तर दोनतारी, आणि थेंब पाण्यात टाकला असता त्याची गोळी झाली तर गोळीबंद. आजच्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर पाकातले पाणी उडत जाते तसतसे त्याचे तापमान चढत जाते. गोळीबंद पाक साधारण ११५ अंश सेल्सियसच्या आसपास होतो. आईला अंश ठाऊक नव्हते, परंतु तिची चिमूट तोच आकडा वाचीत होती. पुरण शिजत आले हे पाहावयाचे तर त्यात उलथने उभे करावयाचे. ते न पडता उभे राहिले की पुरण झाले. चकलीच्या भाजणीत मोहन पुरेसे पडले की नाही, हे पिठाची मूठ दाबून पाहावयाचे. मुटका वळला तर मोहन बरोबर. बेसन भाजताना ते हलके होऊन तूप सुटू लागते आणि खमंग वास घरभर दरवळतो. त्या वासाला रासायनिक कारण आहे. पिठातली प्रथिने आणि शर्करा यांच्या उष्णतेतील संयोगाने तो निर्माण होतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. मराठी बायका मात्र "वास सुटला की उतरव" हे सूत्र त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत आलेल्या होत्या. मोहरी तडतडली पाहिजे, कढी उकळून फुटता कामा नये, भाकरी टम्म फुगली पाहिजे, या साऱ्या सूचनांत आकडा कोठेच नाही. परंतु त्या प्रत्येकीत निश्चित अशी खूण आहे.

आकड्यापेक्षा खुणेवर भर देण्याला आणखी एक भक्कम कारण होते. आईच्या हाती येणारा माल कधीच एकसारखा नसे. नवा तांदूळ पाणी कमी पितो, जुना तांदूळ जास्त पितो. नव्या तांदुळाला जुन्याचे पाणी घातले तर भाताचा गोळा होतो. जोंधळ्याचे पीठ ताजे असेल तर भाकरी सहज थापली जाते; तेच दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, आणि मग कढत पाण्याची उकड घेऊनच ते मळावे लागते. पावसाळ्यात कणीक हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून तिला पाणी कमी लागते. चिंच नवी की जुनी, गूळ पिवळा की काळा, मिरची कोणत्या गावची, या प्रत्येक गोष्टीने पदार्थाचा हिशेब बदलत असे. विस्तवाचेही तसेच. चुलीतले लाकूड सुके की ओले, बाभळीचे की आंब्याचे, यावर आच अवलंबून. पुढे कोळशाची शेगडी आली, मग रॉकेलचा स्टो आला, त्यानंतर गॅस आला. प्रत्येक वेळी "मंद आच" या दोन शब्दांचा अर्थ नव्याने शिकावा लागला. अशा स्थितीत "दोन पेले पाणी, वीस मिनिटे" असा नियम कोणी सांगितला असता, तर तो आठ दिवसांतून चार दिवस खोटा ठरला असता. आई नियम सांगत नव्हती, याचे एक कारण असे होते की, खोटा ठरणारा नियम सांगणे तिला पटत नव्हते.

असे असूनही आपल्याकडे पाकशास्त्रावर लिहिलेच गेले नाही, असे कोणी म्हणू नये. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे एके काळी चालुक्यांच्या राजधानीचे कल्याण नगर. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या पानातील पदार्थांची वर्णने आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने भोजनकुतूहल हा ग्रंथ रचला. तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा त्याला आश्रय होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा अभ्यास करून त्याचे महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणले. पुढे तंजावरच्याच सरफोजीराजांच्या काळातील, म्हणजे १७९८ ते १८३२ या कारकिर्दीतील, राजवाड्याच्या मुदपाकखान्याची माहिती शरभेंद्रपाकशास्त्र या मराठी ग्रंथात उतरली आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या एका मराठी दरबाराने आपल्या पाकक्रिया मराठीत नोंदवून ठेवाव्यात, ही गोष्ट परप्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी मनाला समाधान देणारी आहे.

परंतु हे सगळे ग्रंथ राजे, पंडित आणि दरबारी यांचे. ज्या घरात रोज भाकरी थापली जात होती, त्या घराच्या चुलीपाशी लेखणी पोहोचली नव्हती. त्याचे कारण उघड आहे. चुलीपाशी बसलेल्या बाईला अक्षरओळख करून देण्याची रीत समाजात नव्हती, आणि ज्यांना अक्षरओळख होती त्या पुरुषांना चुलीपाशी काय चालते हे जाणून घेण्याची गरज वाटत नव्हती. पुष्कळ घरांत सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा भार एखाद्या विधवा आत्याबाईवर किंवा काकूवर असे. आयुष्यभर पंक्ती उठविणाऱ्या या स्त्रियांची नावेदेखील वंशावळीत सापडत नाहीत. घराची म्हणून जी चव आज सांगितली जाते, ती अनेकदा अशाच एखाद्या अनामिक हाताची असते. मोजमाप न ठेवल्याबद्दल आईला दोष देताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, की तिचे ज्ञान लिहून घेण्याजोगे आहे असे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

न लिहिताही हे ज्ञान टिकले, कारण ते शिकविण्याची एक पद्धत होती. सात-आठ वर्षांची मुलगी प्रथम तांदूळ निवडू लागे, मग सुपाने पाखडू लागे, मग पाट्यावर चटणी वाटू लागे. त्यानंतर कणीक तिंबणे, पोळी लाटणे आणि भाजणे. फोडणीचे काम बऱ्याच उशिराने हाती येई, आणि पुरण, पाक, अनारसे यांचा क्रम सर्वांत शेवटी लागे. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजत घालावयाचे, मग सावलीत सुकवून कुटावयाचे. या सगळ्या वेळात मुलगी नुसती शेजारी असे. तिला कोणी धडा देत नसे. पाहणे, हाताखाली करणे आणि बोलणी खाणे, या तीन मार्गांनी ती तयार होई. लग्न होऊन सासरी गेली की हेच शिक्षण सासूच्या हाताखाली पुन्हा एकदा पहिल्या पायरीपासून सुरू होई. माहेरची आमटी आणि सासरची आमटी यांच्या भांडणातून तिची स्वतःची आमटी सिद्ध होत असे. या शिक्षणाला दहा-पंधरा वर्षे लागत, आणि ती वर्षे त्या मुलींच्या आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही शिक्षणाला जागा उरू न देता घेतलेली असत. त्या पद्धतीचे कौतुक करताना तिची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ वर्षे ठरविले, आणि पुढे १९७८ साली ते १८ झाले. मुलगी शाळेत गेली, मग महाविद्यालयात गेली, नंतर नोकरीवर जाऊ लागली. चुलीपाशी शेजारी उभे राहण्याची दहा-पंधरा वर्षे तिच्या वाट्याला आली नाहीत. ज्या गोष्टी सहवासाने शिकावयाच्या त्या आता थोडक्या वेळात शिकणे भाग होते, आणि त्यासाठी माप हवे होते. लिखित पाककृतीची गरज अशी मुलींच्या शिक्षणातून निर्माण झाली, आणि ती भागविण्याचे साधनही त्याच शिक्षणाने दिले.

मराठीत छापील पाकशास्त्राचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या सूपशास्त्र या पुस्तकाने झाला असे सामान्यतः मानतात. लेखक पुरुष होता, ही गोष्ट त्या काळाला धरूनच होती. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया हे पुस्तक निघाले, आणि स्वयंपाक करणाऱ्या हातांनीच लेखणी धरली. पुढील काळात सारस्वत महिला समाजाने रसचंद्रिका प्रसिद्ध करून सारस्वत घरांतील नारळ, कोकम आणि तिरफळांच्या पाककृती ग्रंथित केल्या. हे केवळ आपल्याकडेच घडत होते असे नाही. अमेरिकेतही "अंड्याएवढे लोणी" अशीच मापे चालत असत. बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपले पुस्तक काढले, आणि काठोकाठ सपाट केलेला पेला व चमचा यांचा आग्रह धरला. शाळेत शिकणाऱ्या मुली, लहान होत चाललेली कुटुंबे आणि छापखाना, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे स्वयंपाकाला माप आले.

आपल्याकडे या बदलात एक विशेष भर पडली. १९५६ साली देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत वाण्याच्या दुकानातून शेर आणि छटाक नाहीसे झाले. त्यामुळे ज्या थोड्याफार घरांत मसाल्याच्या, लोणच्याच्या आणि पापडांच्या वह्या होत्या, त्याही एकाएकी परक्या भाषेतल्या झाल्या. आजीच्या वहीतले "पावशेर धने, रुपयाभार शहाजिरे" नातीला कळेनासे झाले. पक्क्या शेराचे सुमारे ९३३ ग्रॅम, पावशेराचे २३३, छटाकाचे ५८ आणि तोळ्याचे साडेअकराहून थोडे अधिक, हा हिशेब ज्या घरात कोणी मांडून ठेवला त्या घराचा मसाला टिकला. इतर घरांत शेराच्या जागी सरळ किलो धरला गेला आणि तोळ्याच्या जागी दहा ग्रॅम. त्यामुळे धने, खोबरे यांसारखे जाड जिन्नस वाढले, हिंग-लवंगांसारखे तोळ्यातले जिन्नस घटले, आणि मसाल्याची धार बोथट झाली.

या गोंधळातून वाट काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर कमलाबाई ओगले यांना दिले पाहिजे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या रुचिरा या त्यांच्या पुस्तकाने ग्रॅमचा आणि शेराचा वाद बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही घरोघर असलेली मापे घेतली. औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या या बाईंनी आपले सारे पाकशास्त्र घरातच, सासूबाईंच्या हाताखाली मिळविले होते. अंदाजाच्या शाळेत तयार झालेल्या हातांनी मापाचे पुस्तक लिहिले, म्हणूनच ते विश्वासार्ह ठरले. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि लग्न होऊन परगावी किंवा परदेशी जाणाऱ्या कित्येक मुलींच्या सामानात ते पुस्तक गेले. वाटीची युक्ती अशी की, वाटी लहान असो वा मोठी, सर्व जिन्नस तिनेच मोजले तर प्रमाण बिघडत नाही. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ, हे पुरणाचे सूत्र कोणत्याही घरातल्या वाटीला लागू पडते. त्यानंतर घरोघर कुकर आला आणि "शिजेपर्यंत" या शब्दाच्या जागी शिट्ट्यांची संख्या आली. तीन शिट्ट्या हेही आता आईचे माप झाले आहे.

महाराष्ट्राबाहेर शतकानुशतके राहिलेल्या मराठी घरांच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. अठराव्या शतकात शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्याबरोबर ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथे गेलेल्या कुटुंबांनी आपले पदार्थ डोक्यातून नेले. नव्या मुलखात गहू वेगळा होता, पाणी वेगळे होते, भाजी वेगळी होती. मापाने बांधलेली पाककृती असती तर ती पहिल्याच वर्षी मोडली असती. खुणांनी बांधलेली पाककृती तगली. कारण माळव्याच्या गव्हालाही "कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ हवी" ही खूण लागू पडत होती. गुजरातेत शेजारच्या घरांत तुरीच्या डाळीच्या गोड पोळ्या होत असताना बडोद्याच्या मराठी घरांत हरभऱ्याच्या डाळीचे पुरण चालू राहिले. हैदराबादेत चिंच आणि अंबाडी यांनी आमटी-भाजीत आपली जागा घेतली, बेळगावकडे जोंधळ्याची भाकरी मराठी आणि कानडी घरांत सारख्याच हाताने थापली गेली, आणि गोव्यात नारळाच्या दाट व पातळ रसाचा क्रम सांभाळला गेला. अंदाजाच्या विद्येने पदार्थाला नव्या मातीत रुजण्याचे लवचीकपण दिले होते. तिचा दोषही तेथेच होता. ती माणसाबरोबर प्रवास करी आणि माणसाबरोबरच संपे. ज्या घरातली शेवटची जाणती बाई काही न सांगता गेली, त्या घरातला पदार्थ पुस्तकात शोधून सापडत नाही. कारण पुस्तकात असते ती त्या पदार्थाची सर्वसाधारण रीत. त्या घराची रीत त्यात नसते.

आज ज्या घरांत आई किंवा आजी स्वयंपाक करते आहे, त्या घरांना अजूनही अवसर आहे. मात्र "किती घालतेस?" हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही, आईला ते सांगता येत नाही, आणि आग्रह केला तर ती काहीतरी आकडा सांगून मोकळी होते. त्यापेक्षा तिला नेहमीसारखे करू द्यावे. तिने पिठाच्या डब्यात मूठ घालण्यापूर्वी डबा तोलून ठेवावा आणि काम झाल्यावर तो पुन्हा तोलावा. जेवढे कमी भरेल तेवढे तिचे माप. मिठाची चिमूट भांड्यात पडण्यापूर्वी ती एका ताटलीत घ्यावी. हेच दोन-चार वेळा, निरनिराळ्या ऋतूंत करावे. म्हणजे ती कोठे स्थिर राहते आणि कोठे बदलते, हे ध्यानी येईल. जेथे ती बदलते तेथे का बदलले ते विचारावे. "आज कैरी आंबट आहे", "हा तांदूळ नवा आहे" अशी उत्तरे तिच्याकडून लगेच येतील, कारण या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक असते. ती उत्तरे आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवावीत. रंग कोणता झाला, वास केव्हा सुटला, आवाज कसा पालटला, हेही लिहावे. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव आणि साल घालावे, आणि ती कोणाकडून शिकली त्या बाईचेही नाव विचारून घ्यावे. अनेक घरांत ते नाव प्रथमच कागदावर उमटेल.